वाऱ्याचं कोटेशन

मालवणहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच्या काळ्या टाकीत डोकं घालून पाणी किती उरलंय ते बघत होतो. लातूरच्या माणसाची ही सकाळची पूजाच आहे. बाकीच्या गावांत लोक उठल्या उठल्या सूर्याला हात जोडतात. आम्ही झाकण उघडतो, आत डोकावतो आणि त्या अंधाराच्या खोलीवरून दिवस कसा जाणार ते ठरवतो. फोन कानाला लावला तरी डोकं टाकीतच होतं, त्यामुळं माझा 'हॅलो' मला स्वतःलाच दोनदा ऐकू आला.

"मामा, काय करलालाव?"

"पाणी बघलालो."

"मी बी तेच करलालो," तो म्हणाला. त्याच्या मागं लाटांचा आवाज येत होता. मामा आणि भाचा एकाच वेळी पाणी बघत होते. फरक इतकाच की एकाच्या पुढं वीतभर पाणी होतं आणि दुसऱ्याच्या पुढं अरबी समुद्र.

मग तो मुद्द्यावर आला. त्यानं आणि त्याच्या मालवणी भागीदारानं मिळून एक बोट घेतली होती, हौशी लोकांना समुद्राखाली नेऊन आणायची. पाठीवरचे सिलिंडर आजवर दुसऱ्याकडून भरून आणत होते. आता बोटीवर स्वतःचा कंप्रेसर बसवायचा होता. साधा नाही, श्वासाच्या हवेचा. बँकेनं एक जामीनदार मागितला होता आणि तीन कोटेशनं. "आन् तुम्ही तीस वर्षं बॉइलचा नियम शिकवलाव," तो जरा घाईनंच म्हणाला, "तवा कोणता घ्यायचा ते तुम्हीच बघा." जामीनदार आधी आला आणि बॉइल नंतर, ही गोष्ट माझ्यातल्या मास्तरानं टिपून ठेवली. माझ्यातल्या मामानं ती सोडून दिली.

आमच्या मुलखात कंप्रेसर हा शब्द फार वेगळ्या आवाजात येतो. तो ट्रॅक्टरच्या पाठीवर बसून येतो. विहीर खोदताना काळा पाषाण लागला की कंप्रेसरवाल्याला निरोप जातो. तो लांबलचक रबरी नळी खाली सोडतो, दोघंजण कातळाला भोकं पाडतात, सुरुंग ठासतात, मग कुणीतरी "लांब व्हा रे" म्हणून ओरडतं आणि साऱ्या शिवारातली पाखरं एकदम उठतात. दुसरा कंप्रेसर बोअरच्या गाडीवरचा. गाडीचा नंबर तमिळनाडूचा, माणसं तिकडची, भाषा कुणालाच कळत नाही. पण किती फूट झाले हे मात्र सगळ्यांना कळतं. मिनिटाला हजाराच्या आसपास घनफूट वारं जमिनीच्या पोटात घालणारं ते धूड रात्रभर धडधडतं. चारशे फूट होतात, पाचशे होतात, बाहेर नुसता पांढरा फुफाटा उडत राहतो आणि शेतमालक हातात नारळ घेऊन बाजूला उभा असतो, फोडावा की पिशवीत परत ठेवावा या विचारात. तात्पर्य, आमच्याकडं कंप्रेसर म्हणजे पाणी शोधायचं हत्यार. पाण्यात गेलेल्या माणसाला वारं पोचवायचं कामही तो करतो, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. ज्या गड्याला जन्मभर विहिरीवर पहार मारताना पाहिलं, तो एखाद्या लग्नात अचानक सनई फुंकताना दिसावा, तसं झालं.

भाचा मूळचा औसा तालुक्यातला. अकरावी सायन्सला म्हणून लातुरात माझ्याकडं आला. आमच्या गावात पोरगं अकरावीला आलं की त्याच्या कपाळावर 'डॉक्टर' नाहीतर 'इंजिनिअर' असं पेन्सिलीनं लिहिलेलंच असतं. दोन वर्षांत ते शाईनं गिरवायचं, यालाच जग लातूर पॅटर्न म्हणतं. ह्याच्या कपाळावरचं गिरवायच्या आधीच पुसलं गेलं. मित्रांबरोबर तारकर्लीला सहलीला गेला, तिथं एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत पोरं पाण्याखाली जायला शिकतात ते त्यानं पाहिलं आणि परत आला तो फक्त कपडे न्यायला. नांदेडची माझी बहीण, म्हणजे त्याची आई, आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. "तूच त्याला हिरीत पवाया शिकवलास," एवढंच म्हणाली. ते खरं होतं. पाठीला वाळका भोपळा बांधून मीच त्याला ढकललं होतं. पण विहिरीला चार बाजूंनी काठ असतो आणि भोपळ्याला कोटेशन लागत नाही.

कोटेशनं आली. मी ती छापून आणली, लाल पेन काढलं आणि पेपर तपासायला बसतात तसा बसलो. एक जर्मनीच्या बाउअर कंपनीचं, एक इटलीच्या कोल्ट्रीचं, आणि तिसरं कुठल्याशा वर्कशॉपचं. त्यावर किंमत इतकी कमी होती की ती दाब म्हणून वाचावी. प्रत्येकात बार, लिटर, एचपी यांची गर्दी. पण आकडे म्हणजे आपली माणसं. त्यांना उठाबशा काढायला लावल्या की बोलू लागतात. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारनं हवा भरायची, म्हणजे दोन हजार लिटर हवा दहा लिटरच्या जागेत बसवायची. हा प्रकार मी वर्गात दिवाळीच्या लातूर-नांदेड एसटीचं उदाहरण देऊन शिकवीत असे. डबा तोच, माणसं वाढत जातात, आणि प्रत्येक थांब्यावर कंडक्टर म्हणतो, जरा आत सरका. फक्त एसटीत नुसतंच कोंबतात, यंत्र मात्र तीन-चार टप्प्यांत कोंबतं आणि दर टप्प्यानंतर हवेला गार करतं. कारण दाबली की हवा तापते. सायकलच्या पंपाचं बूड हाताला चटका देतं ते यामुळंच. तापलेल्या माणसाला बाजूला नेऊन पाणी पाजावं, मग पुढचं ऐकवावं, तशी ही रीत.

मग पुढचं गणित आपोआप जुन्या ओळखीचं निघालं. मिनिटाला शंभर लिटर देणारं यंत्र घेतलं तर एक रिकामा सिलिंडर भरायला वीस मिनिटं. दिवसाचे वीस सिलिंडर म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. दोनशे लिटरचं घेतलं तर निम्मा वेळ. हे तर आमचं हौदाचं गणित! एका नळानं हौद इतक्या तासांत भरतो, दुसऱ्यानं तितक्या. मी नोकरीच्या सुरुवातीला काही वर्षं नांदेडला होतो, तिथं गोदावरी उशाशी, त्यामुळं पोरं हे गणित निमूटपणे सोडवायची. लातूरला बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला आणि फार गांभीर्यानं विचारता झाला, "सर, नळ येतो कधी?" आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ती शंका गणिताच्या पुस्तकाला झेपणारी नव्हती. मी त्याला खाली बसवलं. पुढं २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, नंतर पन्नास. तेव्हा मला त्या पोराची आठवण झाली. नळ कधी येतो ते सांगता आलं नाही, पण आता वेळापत्रक तरी होतं.

भाच्याला वाटलं होतं मला समुद्राची भाषा शिकवावी लागेल. तसा फार वेळ लागला नाही. तो म्हणाला, मामा, दोन जातीचे कंप्रेसर असतात. एक हलक्या दाबाचा. तो बोटीवरून नळीनं खालच्या माणसाला सतत हवा देतो, जेट्टीची नाहीतर जहाजाच्या बुडाची कामं करणारे धंदेवाईक पाणबुडे बहुधा तसे उतरतात. दुसरा भारी दाबाचा. तो सिलिंडर भरतो. मी म्हटलं, एक कालव्याचं पाणी, दुसरं टँकरचं. तिकडं क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "मामा, मला शिकवताना हे कुणी असं सांगितलंच नाही." आम्ही टँकरवाला घ्यायचं ठरवलं. पुढं तो म्हणाला, नळीवरच्या पाणबुड्यासाठी वर कायम एक टेंडर असतो. मी सावध झालो. आमच्याकडं टेंडर म्हटलं की रस्ता, पूल आणि कुणाचा तरी मेहुणा एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण हा टेंडर म्हणजे माणूस निघाला. नळी आणि दोरी हातात धरून बसणारा, खालच्या हिसक्यांचा अर्थ लावणारा. इतक्या चांगल्या शब्दाचं आपण काय करून ठेवलं, असं वाटून गेलं.

पाठीवर सिलिंडर घेऊन मोकळं फिरायची युक्ती मुळात समुद्रावर सुचलेलीच नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर मोटारी गॅसवर चालवता याव्यात म्हणून एक झडप तयार करत होता. इंजिन जेवढं मागेल तेवढाच गॅस सोडणारी. कूस्तो नावाचा नौदलातला अधिकारी त्याला भेटला आणि इंजिनाच्या जागी माणूस बसवला. १९४३ साली पहिली चाचणी झाली तीही पॅरिसजवळच्या मार्न नदीत. आमच्या गल्लीत घरगुती गॅसच्या टाकीवर व्हॅन पळवणारा एक इसम होता. चौकात शिट्टी ऐकली की तो व्हॅन वळवी. त्याला आपण कुठल्या थोर घराण्यातले, याची कल्पना असती तर कदाचित जरा ताठ मानेनं वळवली असती.

आता तिसरं कोटेशन. फोनवरचा विक्रेता फार गोड होता. म्हणाला, "सर, हवा ती हवाच. टायरमध्ये भरा नाहीतर माणसात." कुठलं तेल वापरता म्हटलं, तर म्हणाला, इंजिन ऑइल, घरचंच. मी लाल पेनाचं टोपण काढलं. कारण यंत्र हवा तयार करत नाही. जी मिळेल ती दाबून देतं, सोबत आपल्या अंगचं काय मिसळेल तेही देतं. युरोपातल्या मानकानुसार श्वासाच्या एक घनमीटर हवेत तेल अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत पाच भागांच्या वर. आणि पाण्याखाली दर दहा मीटरला एकेक वातावरण डोक्यावर चढत जातं. म्हणजे वर जे विष चिमूटभर म्हणून खपून गेलं असतं, ते वीस मीटरवर तिप्पट वजनानं रक्ताशी बोलू लागतं. त्याला ना वास, ना रंग. म्हणून या यंत्रात सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला, तर मोटार नाही, पिस्टन नाही; हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड. ते इंजिनाच्या धुराच्या वरच्या वाऱ्याला असलं पाहिजे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी तोवर फक्त पोरांच्या बुद्धीबद्दल वापरीत आलो होतो.

आडाची आठवण निघाली आणि पेन हातातच राहिलं. १९७२चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा. आमची विहीर तळाला गेली होती आणि गाळ काढून ती आणखी परसभर खाली न्यायची होती. महिनोन् महिने कुणी न उतरलेल्या विहिरीत एकदम उतरायचं नसतं. वडील आधी कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचे. आम्ही पोरं काठावर पालथी पडून बघायचो. खाली जाता जाता ती ज्योत लहान होत जायची, जसा एखादा पाहुणा ओळख नसलेल्या घरात शिरताना अंग चोरतो. एका दिवशी ती तळाजवळ गेली आणि मिटली. धूर नाही, आवाज नाही. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कडुलिंबाची एक डहाळीदार फांदी तोडली, दोरीला बांधली आणि विहिरीत वरखाली करू लागले. दुपार होईस्तोवर, जणू खाली कुणी आजारी झोपलंय आणि त्याला वारा घालायचाय. पुन्हा कंदील सोडला. जळत राहिला. मग गडी उतरला.

उतरणाऱ्याच्या कमरेला मोटेचा जुना नाडा बांधलेला असे आणि त्याचं दुसरं टोक वडिलांच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढा. त्या दोन-तीन तासांत वडील तंबाखू मळायचे नाहीत. तंबाखूला दोन हात लागतात. कुणी बोलायला आलं तर त्याच्याकडं न बघता उत्तर द्यायचे, आणि उत्तरही बहुधा 'हं' इतकंच. मला तेव्हा वाटायचं की खालचा माणूस काम करतोय आणि वडील नुसते बसलेत. आईला तसं बोललोही एकदा. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

पुढं काही वर्षांनी शेजारच्या शिवारात कुणी विहिरीतल्या टप्प्यावर डिझेल इंजिन उतरवून चालू केलं आणि ते बंद पडलं म्हणून बघायला दोघं खाली गेले. त्या गोष्टीवर आमच्याकडं फारसं कुणी बोलत नाही. पुढं फिजिक्स शिकवायला लागल्यावर मला समजलं की तिथं कंदीलसुद्धा उपयोगी पडला नसता. कंदील जीववायू कमी झाल्याचं सांगतो. इंजिनाच्या धुरातल्या त्या मुक्या विषात तो खुशाल जळत राहतो. इंग्लंडच्या कोळसाखाणींत त्यासाठी पिंजऱ्यात पिवळा कॅनरी पक्षी न्यायचे, जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून. आणि याच हाल्डेननं १९०८ साली पाणबुड्यांनी वर येताना कुठं किती थांबावं याची पहिली कोष्टकं सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केली. एकच माणूस खाणीतल्यांच्याही श्वासाची काळजी करत होता आणि समुद्रातल्यांच्याही. मी तिसऱ्या कोटेशनवर लाल रेघ मारली. जरा जोरातच मारली, कागद फाटला.

उरलेल्या दोघांत मला खरं तर यंत्रांपेक्षा त्यांच्या गाळण्यांचा लळा लागला. दाबलेली हवा एका नळकांड्यातून जाते. आत पाणी शोषणारे खडे, मग कोळसा. आणि हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. मालवणच्या माणसाचा नारळावाचून श्वाससुद्धा होत नाही, हे मी भाच्याच्या भागीदाराला फोनवर ऐकवलं तेव्हा तो इतका खूष झाला की लगेच शहाळ्यांचा विषय निघाला. शिवाय हॉपकलाइट म्हणून एक पूड असते. ती त्या मुक्या विषाचं साध्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. पहिल्या महायुद्धात जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांनी मिळून ती शोधली, म्हणून हॉप आणि कल. आई-बापाच्या नावांतली दोन-दोन अक्षरं घेऊन पोराचं नाव ठेवायची खोड केवळ आपल्याकडंच आहे, असं मी समजत होतो. मात्र ही पूड स्वभावानं हळवी. ओल लागली की रुसते आणि काम सोडते. म्हणून तिच्या आधी हवा कोरडीठाक करावी लागते.

आणि हे सिलिंडर वापरायला परवानगी कुणाची, तर पेसोची, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या केंद्राच्या खात्याची. त्याचं मुख्यालय नागपूरला. देशाच्या दर्यात उतरणाऱ्या प्रत्येक सिलिंडरचा कारभार जिथून समुद्र सगळ्या बाजूंनी सारखाच लांब आहे अशा गावातून चालतो, हे वाचल्यावर लातुरात बसून कंप्रेसर निवडण्याचा माझा उरलासुरला संकोचही गेला.

निवड अखेर अशी झाली. मिनिटाला दोनशे लिटरचं यंत्र, विजेच्या मोटारीचं. पेट्रोलचं स्वस्त पडत होतं आणि हलकंही होतं, पण त्याचा धूर त्याच्याच नाकाशी. माझ्याच्यानं हो म्हणवेना. मोटार पाच-साडेपाच एचपीची, थ्री फेज. हे वाचून तर मला घरी आल्यासारखं झालं. पाच एचपीची थ्री फेज मोटार आमच्याकडं विहिरी-विहिरीवर असते. तिच्यासाठी माणसं रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन शेतात जातात, कारण वीज तेव्हा येते. एक फेज गेला तर काय होतं, स्टार्टर कसा जळतो, यावर मी भाच्याला तासभर व्याख्यान दिलं. शेवटी तो म्हणाला, "मामा, बोटीवर आपला जनरेटर हाय. हितं महावितरण नाही." तरी मी कोटेशनच्या कोपऱ्यात 'स्टार्टर चांगला बघून घेणे' असं लिहिलंच. सोबत दोन जादा गाळण्या, वर्षभराचं त्यांचंच तेल, हवा तपासायचं किट. जर्मन की इटालियन ते इथं सांगत नाही. दोघांत फरक होता तो सर्व्हिसवाला किती दिवसांत मालवणला पोचतो एवढ्याचाच, आणि ज्यानं फोन पहिल्या रिंगला उचलला त्याला मी अर्धा मार्क जास्त दिला. जामीनदाराच्या रकान्यात सही करताना 'कर्जदाराशी नाते' अशी ओळ होती. तिथं 'मामा' लिहिलं. लिहिताना तळहाताला उगाच नाड्याचा खरखरीतपणा लागल्यासारखा झाला.

डिसेंबरात मी आणि बहीण मालवणला गेलो. ती नांदेडहून, मी लातूरहून. पिशवीत तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. बहीण नांदेडची, गोदावरीकाठची असूनही समुद्राकडं पाठ करूनच बसली. मग भाच्यानं आम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्यात नेलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. बहिणीनं आत वाकून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरची आठ महिन्यांची आठी सैल झाली. "इथं गोडं पाणी हाय व्हय," ती म्हणाली. पोरगं इथं राहिलं तर हरकत नाही, असं ते मराठवाडी भाषेतलं संमतिपत्र होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीवर गेलो. यंत्र पुढं, जनरेटर मागं, आणि हवा घेणारी नळी डोलकाठीला बांधून पुरुषभर उंच नेलेली. भाच्यानं कळ दाबली. आवाज विहिरीवरल्या मोटारीसारखाच, फक्त जास्त नेमका. पंधरा मिनिटांनी त्यानं खालचा एक नळ उघडला. फस्सकन आवाज झाला आणि दुधट पाणी भांड्यात पडलं.

"हे काय?"

"पाणी. हवेतलं. दाबलं की सुटतं. दर पंधरा मिनिटांनी काढून टाकावं लागतं."

कोकणातली हवा ओली. मी तिथल्या तिथं तोंडी हिशेब केला; वीस सिलिंडरांमागं साधारण लिटरभर. म्हणजे हे यंत्र हवा पिळून पाणी काढत होतं आणि भाचा ते फेकून देत होता. मला तेलकट, पिण्याच्या लायकीचं नाही वगैरे सगळं कळत होतं. तरी त्यानं भांडं उचलल्यावर माझा हात आपोआप पुढं गेला. लातूरचा हात तो.

"मामा, बघणार का घेऊन?" असं म्हणत त्यानं एक सिलिंडर जोडला आणि तोंडात धरायचं रबर माझ्या हाती दिलं. मी बोटीच्या फळीवर बसून, चपला काढून, डोळे मिटून ओढलं. मला नांदेडचे दिवस आठवले. संध्याकाळी घाटावर एक म्हातारा भोई यात्रेकरूंनी टाकलेली नाणी काढायला गोदावरीत बुडी मारायचा, आणि मी घड्याळ लावून त्याचा दम मोजायचो. मोजताना नकळत माझाही श्वास धरला जायचा. चाळीस सेकंदांना मी हरायचो, तोंड उघडून काठावर धापा टाकायचो, आणि नदी तशीच सपाट असायची. बऱ्याच वेळानं तो कुठंतरी पलीकडंच वर येऊन हसायचा. त्याच्या त्या दमाला ना बार होता ना लिटर. इथं मात्र मागितला की श्वास येत होता. गार, बिनवासाचा, चवीला काहीच नाही. आणि कोरडा. इतका कोरडा की पाचव्या-सहाव्या श्वासाला जीभ टाळूला चिकटली. मी रबर काढून पाण्याची बाटली शोधू लागलो.

भाचा हसला. "सगळं पाणी काढलेलं असतंय ना. खाली पंधरा मीटरवर गेलं की घसा असा वाळतोय, मामा… वर-खाली, डावी-उजवीकडं नुसतं पाणीच पाणी, आन् तोंडात मे महिना. दर टायमाला गावाकडची हवा लागती."

बहीण तोपर्यंत समुद्राकडं तोंड करून बसली होती. तिनं काही न बोलता पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

पर्यटक आले. भाचा त्यांना घेऊन पाण्यात उतरला. बुडबुड्यांचा एक झुबका वर येत राहिला. मला करायला काहीच नव्हतं. मी माझ्या टॉवेलची एक चिंधी फाडून हवेच्या नळीशेजारी बांधली, वारं कुठून येतंय ते कळावं म्हणून, आणि तिच्याकडं बघत बसलो. खिशात तंबाखूची डबी होती. ती तशीच राहिली. अर्ध्या तासानं दुसरी एक डिझेलची बोट धूर सोडत आमच्या वाऱ्याच्या अंगाला येऊन उभी राहायला लागली. चिंधी आमच्याकडं वळली. मी माळ्यावरून ज्वारीवरली पाखरं हाकलतात तसा उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "ओ भाऊ, धूर तिकडं न्या की! खाली पोरगं हाय आमचं!"

त्या माणसाला मराठवाडी कितपत समजली कोण जाणे. पण त्यानं बोट वळवली.